सात हाडांची देवळी

पोरांनो, माळावरून उचलून आणलेलं ते मेंढीचं डोकं आधी ओसरीच्या कडेला ठेवा आणि बोलणं झालं की हात साबणानं स्वच्छ धुवा. ऊन-वारा खाऊन चांगलं पांढरं झालंय ते. आपल्या माणदेशात अशी डोकी माळावर पडलेली असतातच, पण त्यातली कारागिरी कुणी वाकून बघत नाही. आज बघू.

डोळा होता त्या जागी हाडाचं गोल कडं दिसतंय ना? त्यातून बोट मागं घाला. कुठं निघालं? थेट कानशिलाच्या खळग्यात. म्हणजे मेंढीच्या डोळ्याला पुढून हाडाची चौकट आहे, पण मागं भिंतच नाही. कुत्र्या-मांजराचं तर ते कडंसुद्धा पुरं नसतं. भुवईकडून आलेलं हाड गालाच्या हाडापर्यंत पोचतच नाही, मधली फट चिवट तंतूंच्या पट्ट्यानं सांधलेली असते.

आता आपापल्या कानशिलावर दोन बोटं ठेवा आणि दात आवळा. काहीतरी फुगलं? जबडा वर ओढणारा स्नायू आहे तो. मेंढी रवंथ करते तेव्हा हा स्नायू तिच्या डोळ्याला लागूनच हलत असतो. माणसात आणि माकडात मात्र डोळा आणि हा स्नायू यांच्या मध्ये हाडाची भिंत उभी राहिली. असं का झालं असावं? संशोधकांचा एक अंदाज असा, की आपली नजर समोरच्या एका बारीक ठिपक्यावर रोखायची सवय झालेली. चावताना स्नायू धक्के देत राहिला तर ती नजर हलणार. तो हिसका भिंतीनं अडवला. भाकरी चावत चावत तुम्ही पुस्तक वाचू शकता, त्यात या भिंतीचाही वाटा असावा.

माणसाच्या एका डोळ्याची खोबण सात हाडं मिळून बनते. कपाळाचं हाड, गालाचं, वरच्या जबड्याचं, टाळूचं, नाकाच्या मुळाशी असलेलं जाळीदार हाड, अश्रूंच्या पिशवीला टेकलेलं नखाएवढं हाड आणि कवटीच्या तळाशी आडवं पसरलेलं एक. जुन्या वाड्याच्या भिंतीत दिवा ठेवायला देवळी असते ना, तशी ही देवळी. पुढं रुंद आणि आत निमुळती होत गेलेली. तोंडाशी सुमारे चार सेंटिमीटर रुंद, साडेतीन उंच, आणि आत चार-साडेचार सेंटिमीटर खोल. अगदी टोकाशी एक भोक, त्यातून दृष्टीची नस मेंदूकडं जाते. अख्ख्या खोबणीत मावतं साधारण तीस मिलिलिटर, आणि डोळ्याचा गोळा असतो जेमतेम सात मिलिलिटरचा. उरलेल्या जागेत मऊ चरबी, डोळा फिरवणारे सहा स्नायू, अश्रूंची ग्रंथी, शिरा, धमन्या, नसा.

मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते दृष्टीच्या नसेचं. डोळ्याच्या पाठीपासून त्या भोकापर्यंतचं अंतर सुमारे अठरा मिलिमीटर, आणि नस मात्र पंचवीस ते तीस मिलिमीटर लांब. मधली लांबी सैल, नागमोडी पडलेली. म्हणून डोळा वर-खाली, डावी-उजवीकडं कितीही फिरला तरी नस ताणली जात नाही. पुढं सांगणार आहे त्या दुखण्यांत डोळा थोडा पुढं ढकलला गेला तरी लगेच दृष्टी जात नाही, ती याच सैल लांबीमुळं. डॉक्टरकडं पोचायला माणसाला थोडा वेळ मिळतो तो इथं.

आता शेजार बघा. देवळीच्या छतावर मेंदू. तळाखाली गालातली पोकळी. आतल्या अंगाला नाकाशेजारच्या पोकळ्या, ज्यांना आपण सायनस म्हणतो. आणि आतल्या अंगाची ही भिंत किती जाड असते? ०.२ ते ०.४ मिलिमीटर. कवटी उजेडासमोर धरली तर तिच्यातून उजेड आरपार दिसतो. डोळ्यावर येणारी पुष्कळ संकटं डोळ्यात जन्मतच नाहीत, शेजारून येतात. हे एवढं ध्यानात ठेवा, पुढच्या गोष्टी आपोआप उलगडतील.

पहिली गोष्ट माराची. जत्रेच्या मैदानात समजा क्रिकेटचा चेंडू एखाद्याच्या डोळ्यावर बसला. चेंडूचा व्यास सात सेंटिमीटरच्या वर, देवळीचं तोंड चारचं. भुवईचं आणि गालाचं हाड त्यातला बराचसा मार आपल्या अंगावर घेतं. विटी मात्र या चौकटीतून सरळ आत शिरते, शिवाय तिला दोन्हीकडं टोकं. आपल्याकडं खेळात डोळे जायला विटी-दांडू हे जुनं कारण आहे, आणि डोळ्याच्या डॉक्टरांनी ते वारंवार लिहून ठेवलंय. यष्टीवरची बेल तरी काय, विटीच ती. २०१२ च्या जुलैमध्ये दक्षिण आफ्रिकेचा यष्टिरक्षक मार्क बाउचर इंग्लंडमधल्या टाँटनला खेळत होता. फलंदाज त्रिफळाबाद झाला, बेल उडाली ती थेट याच्या डाव्या डोळ्यात. पांढरा भाग फाटला आणि त्याची कारकीर्द तिथंच थांबली. हेल्मेट नव्हतं, चष्माही नव्हता.

चेंडूच्या मारानं आणखी एक प्रकार घडतो. बाहेरची चौकट शाबूत, डोळाही शाबूत, पण देवळीचा तळ फुटून खाली गालाच्या पोकळीत उतरतो. १९५७ साली अमेरिकेत बायरन स्मिथ आणि विल्यम रेगन या डॉक्टरांनी याचा छडा लावायला एका मृतदेहाच्या डोळ्यावर आयर्लंडच्या हर्लिंग खेळातला चेंडू ठेवला आणि त्यावर हातोडा मारला. चौकट तशीच, तळ मात्र फुटलेला. दाब वाढला आणि सगळ्यात कच्ची जागा फुटली. मग आतली भिंत याहून पातळ असून तळच जास्त वेळा का फुटतो? कारण आतल्या भिंतीला पलीकडून जाळीदार हाडाच्या पडद्यांचा आधार आहे आणि तळाखाली नुसती पोकळी. मला तर हा पातळपणा मोठा उपकारच वाटतो. दाबाला वाट मिळाली नसती तर फुटायची पाळी डोळ्यावरच आली असती.

मोठ्या माणसाचा तळ असा फुटला की गाल आणि वरचा ओठ बधिर होतो, कारण त्यांची नस तळातूनच जाते. वर बघितलं की एकाच्या दोन वस्तू दिसतात. सूज उतरली की डोळा आत गेल्याचं कळतं. अशा माणसाला डॉक्टर बजावून सांगतात, की नाक शिंकरू नका. शिंकरलं तर नाकातली हवा फुटक्या भिंतीतून देवळीत घुसते आणि पापणी क्षणात फुगून येते. दाबली तर बोटाखाली चुरचुर लागते.

लहान मुलांचं मात्र निराळं आणि जास्त फसवं. नीट ऐका, कारण हे आईबापांना माहीत नसतं आणि कधीकधी दवाखान्यातही लगेच ओळखू येत नाही.

समजा, शाळेच्या मैदानात कबड्डी चाललीय. चढाई करणाऱ्याचा गुडघा दहा-बारा वर्षांच्या पोराच्या डोळ्यावर बसला. पोरगं उठलं, कपडे झाडले. डोळा लाल नाही, सूज नाही, पापणी काळी-निळी नाही. घरी आलं आणि ओकायला लागलं. तोंड पांढरं पडलं, चक्कर येते म्हणालं, झोपूनच राहिलं. घरच्यांना वाटतं, डोक्याला मार लागला. दवाखान्यात मेंदूचा स्कॅन होतो, तो व्यवस्थित निघतो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि पोरगं घरी येतं.

झालेलं असतं वेगळंच. मुलांचं हाड कोवळं, त्याचे तुकडे होत नाहीत. ते वाकतं, फट पडते आणि पुन्हा झटकन मिटतं. मिटताना डोळा फिरवणारा खालचा स्नायू फटीत चिमटला जातो. बाहेरून डोळा पांढराशुभ्र, आत स्नायूचा रक्तपुरवठा तुटलेला. आणि ओकाऱ्या का होतात? डोळ्याच्या स्नायूवर ताण आला की एक निरोप मेंदूच्या बुडाशी जातो आणि तिथून हृदयाकडं आणि पोटाकडं जाणाऱ्या मोठ्या नसेला लागतो. नाडी मंदावते, मळमळतं, भोवळ येते. डोळ्यावरच्या दाबानं हृदय मंदावतं हे १९०८ मध्ये व्हिएन्नाचे बर्नार्ड अॅश्नर आणि इटलीचे ज्युसेप्पे डाग्निनी यांनी वेगवेगळं लिहून ठेवलं. त्या पोराचं पोट डोळ्यापायी ढवळत असतं.

ओळखायचं कसं? त्याच्यासमोर बोट धरा, डोकं न हलवता वर बघ म्हणा. एक बुबुळ वर जातं आणि दुसरं अडतं, किंवा वर बघायला गेलं की पोरगं कळवळतं आणि मळमळ वाढते. एवढं दिसलं की डोळ्याच्या डॉक्टरकडं त्याच दिवशी. खोबणीचा वेगळा सीटी स्कॅन काढून तो स्नायू एक-दोन दिवसांच्या आत सोडवावा लागतो. तेवढ्यात सोडवला तर डोळा पुन्हा बहुधा नीट फिरतो, उशीर झाला तर स्नायू वाळतो आणि मुलाला जन्मभर वर बघताना दोन-दोन दिसत राहतं. कराडला, मिरजेला, साताऱ्याला मोठी रुग्णालयं आहेत, सीटी स्कॅनची सोय आहे. अंतर हा आता आपला अडसर राहिलेला नाही. वर बघ म्हणून कुणी विचारत नाही, हा आहे.

भुवईवर पडण्याचंही असंच. सायकलवरून पोरगं भुवईवर आपटलं, दोन टाके पडले, डोळा दिसायला धड, पण त्यानं दिसतच नाही. भुवईला बसलेला हिसका हाडातून थेट त्या मागच्या भोकापर्यंत गेलेला असतो आणि तिथं नस दुखावलेली असते. डॉक्टर बॅटरीचा उजेड एका डोळ्यावर, मग दुसऱ्यावर असा फिरवतात. धडक्या डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या लहान होतात. मग उजेड दुखावलेल्या डोळ्यावर नेला की त्या लहान राहायच्या सोडून मोठ्या होतात. पेशंट शुद्धीवर नसला तरी बाहुली खरं सांगते.

बैलाच्या शिंगाचं तर तुम्ही बेंदराच्या वेळी ऐकलंयच. बैल मारका नसतो. वैरण टाकायला माणूस वाकतो, माशी उडवायला बैल मान झटकतो, आणि शिंग खालून वर येतं. असं काही घुसलं, काट्याचं किंवा काठीचं टोक रुतून राहिलं, तर ते उपसायचं नाही, डोळा चोळायचा नाही, दाबून पट्टी बांधायची नाही. वर एखादी वाटी नुसती आडोशाला धरायची, तीही डोळ्याला न टेकवता, आणि गाडी काढायची.

आता एक विलक्षण गोष्ट सांगतो, डोळ्यातल्या धडधडीची.

पुणे-बंगळुरू महामार्गावर मोटारसायकलवरून पडलेला माणूस, हेल्मेट नाही. डोक्याला मार लागला, बरा होऊन घरी आला. मग काही दिवसांनी एक डोळा लाल होतो, पुढं येतो, आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की डोक्यात सूं-सूं आवाज येतो, नाडीच्या ठेक्यात. घरच्यांना काही ऐकू येत नाही. त्यांना वाटतं, अपघातानं याच्या मनाला धक्का बसलाय. डॉक्टर मिटलेल्या पापणीवर नळी ठेवतात आणि त्यांना तो आवाज चक्क ऐकू येतो. बोट ठेवलं तर डोळा नाडीबरोबर उडताना लागतो.

काय झालेलं असतं? डोळ्याच्या मागं, मेंदूच्या तळाशी, अशुद्ध रक्ताची एक पोकळी आहे आणि मेंदूला रक्त पुरवणारी मोठी धमनी या पोकळीच्या पोटातून जाते. शिरेच्या आतून धमनी जाते अशी जागा शरीरात दुसरी नाही. कवटीचा तळ तडकला आणि धमनीला तिथं भोक पडलं की जोराचं रक्त त्या पोकळीत उसळतं आणि डोळ्यातून परत येणाऱ्या शिरांमध्ये उलटं घुसतं. डोळा त्या उलट्या लोंढ्यानं फुगतो. १८०९ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक बेंजामिन ट्रॅव्हर्स यांनी असा धडधडणारा डोळा घेऊन आलेल्या एका बाईची मानेतली धमनी दोऱ्यानं बांधली आणि ती बाई वाचली. भूल देणारा ईथर यायला तेव्हा अजून सदतीस वर्षं होती, त्या माउलीच्या धीराला काय म्हणावं! आज जांघेतल्या धमनीतून बारीक नळी सरकवत डोक्यापर्यंत नेतात आणि प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी सोडून ते भोक बुजवतात. धडधड बहुतेक वेळा थांबते. तेव्हा अपघातातून उठलेला माणूस डोक्यात आवाज येतो म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा.

थोरल्यानं मघाशी विचारलं, आबा, उसात जाताना आजी डोळ्यावर चष्मा लाव म्हणून का ओरडते? बरोबर ओरडते. कृष्णा-वारणेच्या काठचा सगळा मुलूख उसाचा. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून तोडकरी येतात, कोप्या घालून राहतात आणि पहाटेपासून कोयता चालतो. उसाच्या पानाची कड हातावर ओढली तर रक्त येतं, कारण तिला वाळूच्याच द्रव्याचे, सिलिकाचे, बारीक दाते असतात. तीच कड बुबुळावरून गेली की वरचा पडदा खरवडला जातो. पाचटावर बुरशीचे कण असतातच, ते त्या ओरखड्यात रुजतात. पहिले दोन-तीन दिवस नुसतं खुपतं. कुणी दूध घालतं, कुणी मध, कुणी दुकानातून मिळेल ते थेंब आणतं. त्या थेंबात स्टेरॉइड असलं तर लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. मग बुबुळावर पांढरा व्रण, आणि तो भरला तरी जन्माचं फूल. तोडकऱ्याचा रोजगार बुडतो म्हणून तो दवाखान्यात जायला बघत नाही, कोयत्याच्या हिशोबात उचल फेडायची असते. ज्यांच्या घामावर इथले कारखाने उभे आहेत त्यांना साधा चष्मा मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं. एका चष्म्याची किंमत ती किती?

या बुरशीवरचं औषध नॅटामायसिन. ते कुठं सापडलं ठाऊक आहे? १९५५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या मातीत, तिथल्या सूक्ष्म जिवांनी बनवलेलं. नाताळ म्हणजेही उसाचाच मुलूख. आपल्याकडचे मजूर बोटीनं तिथं ऊस लावायला गेले होते, एकोणिसाव्या शतकात.

लाकडाचं आणखी एक अजब आहे. काटकीचा तुकडा पापणीच्या कडेनं देवळीत घुसून मोडला, वरची जखम भरून आली. सीटी स्कॅन काढला तर त्यात वाळलं लाकूड दिसतं काळं, कारण त्याच्यात हवा भरलेली असते, आणि स्कॅनमध्ये हवा काळीच दिसते. बघणाऱ्याला वाटतं, बाहेरची हवा आत शिरलीय, दुसरं काही नाही. तुकडा आतच राहतो. महिन्यांनी पापणीतून पू यायला लागतो, औषधानं थांबतो, पुन्हा येतो. म्हणून डॉक्टरला नेमकं सांगायचं की काय लागलं, बाभळीची काटकी की लोखंडी तार. घरच्यांच्या एका वाक्यानं निदान बदलतं. लाकूड असेल तर एमआरआय उपयोगी पडतो; लोखंड असेल तर एमआरआयच्या जवळही न्यायचं नाही, चुंबकानं ते आत सरकेल.

आणि शनिवारी मारुतीला रुईची माळ करता ना? समर्थांच्या अकरा मारुतींपैकी कितीतरी आपल्या सातारा-सांगलीत, चाफळ, मसूर, उंब्रज, शिराळा, बहे. त्यामुळं रुई सगळ्यांच्या हाताला ओळखीची. पान खुडलं की पांढरा चीक येतो. तोच हात डोळ्याला लागला तर फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो, आणि काही तासांनी समोर धुकं. बुबुळाच्या सगळ्यात आतल्या थराचं काम बुबुळातलं पाणी उपसून ते नितळ ठेवण्याचं. चीक नेमका त्या थरालाच सुस्त करतो, बुबुळ पाण्यानं फुगतं. लगेच भरपूर पाण्यानं धुऊन डॉक्टरकडं गेलं तर बहुतेकांना पुन्हा स्वच्छ दिसतं. माळ जरूर करा, हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका.

आता मेंढीकडं परत. माणमध्ये, आटपाडीत, जतेत मेंढरांचे कळप आहेत, जतेची माडग्याळ मेंढी तर नावाजलेली. उन्हाच्या वेळी मेंढरं नाकं खाली घालून, एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून दाटीनं उभी राहतात ते पाहिलंय? त्याला एक माशीही कारण असते. ही माशी अंडी घालत नाही. ती उडता उडता मेंढीच्या नाकपुडीवर जिवंत अळ्या फवारते, एकेक मिलिमीटरभर. अळी नाकातून वर चढते, कपाळाच्या पोकळीत वाढते, दोन-अडीच सेंटिमीटरची झाली की शिंकेबरोबर खाली पडते आणि मातीत कोष करते. कधीकधी माशीचा नेम चुकतो आणि तो फवारा मेंढपाळाच्या डोळ्यात बसतो. माणूस म्हणतो, काहीतरी आदळलं, आणि आता आत वळवळतंय. डॉक्टर यंत्रातून बघायला उजेड टाकतात तर त्या पारदर्शक अळ्या उजेडाला भिऊन पापणीच्या घडीत पळतात. त्यांच्या तोंडाला आकडे असतात, त्यामुळं नुसत्या पाण्यानं निघत नाहीत. डोळा बधिर करून चिमट्यानं एकेक वेचावी लागते. माणसाच्या डोळ्यात ती अळी मोठी होऊ शकत नाही, त्यामुळं वेचली की बहुधा प्रश्न मिटतो.

कळपाबरोबरच्या कुत्र्याकडूनही एक पाहुणा येतो, तो मात्र वर्षानुवर्षं मुक्काम करतो. कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचा एक पट्टकृमी राहतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, गवतातून मेंढीच्या पोटात. मेंढीच्या यकृतात त्याचे पाण्याचे फुगे होतात. मेंढी कापली, ते यकृत कुत्र्याला टाकलं की फेरा पुरा. त्या फेऱ्यात माणूस चुकून सापडतो, न धुतलेल्या हातानं किंवा भाजीतून. फुगा बहुतेक वेळा यकृतात नाहीतर फुफ्फुसात होतो, पण फार क्वचित डोळ्याच्या देवळीत. दुखत नाही, लाल नाही, फक्त महिनोन् महिने एक डोळा हळूहळू पुढं येतो. शस्त्रक्रियेत तो फुगा फुटू न देता काढायचा असतो, आतलं पाणी सांडलं तर जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते. कापलेल्या मेंढराचं असलं यकृत कुत्र्याला टाकायचं नाही, पुरायचं किंवा जाळायचं, एवढ्यानं हा फेरा तुटतो.

राहिली शेजारून आलेल्या सगळ्यात मोठ्या संकटाची गोष्ट. २०२१ चा उन्हाळा. तुम्ही अगदीच लहान होता. करोनाची दुसरी लाट सातारा-सांगलीत शिगेला होती आणि करोनातून उठलेली माणसं गाल दुखतो, दात हलतो, दोन-दोन दिसतं म्हणत परत यायला लागली. म्युकरमायकोसिस, लोक म्हणायचे काळी बुरशी. खरं तर ती बुरशी काळी नसते. माती, शेणखत, शिळी भाकरी, तिचे कण सगळीकडं आहेत आणि आपण ते रोज श्वासातून घेतो. धडधाकट शरीर त्यांना तिथंच संपवतं. पण साखर वाढलेली, त्यात करोनासाठी दिलेली स्टेरॉइडं, संरक्षण करणाऱ्या पेशी थकलेल्या. अशा वेळी तो कण नाकात रुजतो. ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून आत शिरून त्या बुजवते. ज्या भागाचं रक्त थांबलं तो भाग मरतो आणि काळा पडतो. नाकातून सायनसमध्ये, सायनसमधून त्या ०.२ मिलिमीटरच्या भिंतीपलीकडं देवळीत, आणि देवळीच्या टोकातून मेंदूत. मे महिन्यात केंद्रानं राज्यांना हा आजार नोंदवणं सक्तीचं करायला सांगितलं आणि राज्यानं त्याचा उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतला.

मिरज हे तंबोऱ्यांचं गाव, तसं डॉक्टरांचंही. कॅनडात जन्मलेले विल्यम वानलेस १८८९ मध्ये इकडं आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं, आणि मोतीबिंदू काढून घ्यायला लोक लांबलांबून येऊ लागले. १९६२ मध्ये तिथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. अशा गावाला काळ्या बुरशीच्या दिवसांत काय काय करावं लागलं असेल! कान-नाक-घशाचे, दातांचे आणि डोळ्यांचे डॉक्टर एकाच टेबलाभोवती उभे राहायचे, मेलेला भाग खरवडून काढायचे. काही जणांचा जीव राखायला देवळीतलं सगळंच काढावं लागे, डोळ्यासकट. डोळा द्यायचा की जीव, हे ठरवण्याची वेळ त्या महिन्यांत देशभरात हजारो घरांवर आली. औषध होतं ॲम्फोटेरिसिन, आणि त्याचा तुटवडा होता. तेही मातीतूनच आलेलं. १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूंपासून. बुरशी मातीतली आणि तिचा काळही मातीतलाच. ज्यांची साखर आटोक्यात होती आणि जे पहिल्या आठवड्यात गालाचं दुखणं घेऊन गेले त्यांच्यातले कितीतरी डोळ्यासकट वाचले. म्हणून मधुमेही माणसाच्या एकाच बाजूचा गाल दुखला, नाकातून काळपट पाणी आलं, पापणी पडली, तर करोना असो-नसो, त्या दिवशी कारण शोधलंच पाहिजे.

धाकटी विचारतेय, डोळा काढला तर तिथं काय घालतात? नुसता डोळा काढला असेल तर आत गोळी बसवून तिला तेच स्नायू जोडतात आणि वर ॲक्रिलिकचा रंगवलेला डोळा ठेवतात. तो दुसऱ्या डोळ्याबरोबर थोडा हलतोसुद्धा. पूर्वी काचेचे डोळे जर्मनीतून यायचे. दुसऱ्या महायुद्धात ते बंद झाले, तेव्हा अमेरिकी सैन्यातल्या दातांच्या कारागिरांनी कवळीच्या ॲक्रिलिकचे डोळे केले. सगळी देवळीच रिकामी करावी लागली असेल तर पापण्या-भुवईसकट सिलिकॉनचा तुकडा करून चष्म्याला नाहीतर हाडाला बसवतात.

आणि एका डोळ्यानं अंतर कसं कळणार? करून बघा. एक डोळा मिटा आणि सुईत दोरा ओवा. चुकतोय ना? आता डोकं हळूच डावी-उजवीकडं हलवा. जवळची सुई जास्त सरकते, मागची भिंत कमी. त्या फरकावरून मेंदू अंतर काढायला शिकतो. काही महिने लागतात. मन्सूर अली खान पतौडी १९६१ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या होव्हला मोटार अपघातात सापडले, काचेच्या तुकड्यानं उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, ते भारताचे कर्णधार झाले आणि कसोटीत त्यांनी सहा शतकं काढली. चहा ओतताना किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवायचं, जिना उतरताना पहिल्या पायरीला पाय घासून बघायचा, रस्ता ओलांडताना मान जास्त वळवायची, असं एकेक अंगवळणी पडतं. आणि अशा माणसाला डॉक्टर नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटचा चष्मा देतात, उसात, लाकूड फोडताना, मोटारसायकलवर, कायम लावायला.